स्कूटर एकसारख्या वेगाने ढकलताना त्वरण शून्य, मग घाम कशाचा?

ओटल्यावरून:

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, लेकीचा आहे. पण चार दिवस झाले, माझ्याही डोक्यातून जात नाही.

गेल्या रविवारी मी आणि ती इथे बडोद्यात मांजलपूरकडून घरी दांडिया बाजारला येत होतो. रेल्वेवरच्या पुलाच्या तोंडाशी मागचं चाक बसलं. पंक्चरवाला पुलापलीकडे. मी हँडल धरून ढकलायला लागले, ती दोन्ही हेल्मेटं घेऊन शेजारून चालत होती. पुलाच्या माथ्यावर पोचेपर्यंत माझा ड्रेस पाठीला चिकटला होता. पंक्चर निघेपर्यंत ती गप्प बसून होती. मग म्हणाली, "आई, तू तर एकसारख्या वेगाने ढकलत होतीस. म्हणजे प्रवेग शून्य. बळ बरोबर दळ गुणिले प्रवेग. दळाला शून्याने गुणलं की शून्य. म्हणजे तू बळ लावलंच नाहीस. मग तुला घाम का आला?"

ती नववीत आहे, गुजराती माध्यमात. प्रवेग म्हणजे आपलं त्वरण आणि दळ म्हणजे वस्तुमान. मी बी.कॉम. झालेली. मी म्हटलं, घर्षण असतं ना बाळा. त्यावर तिने वही उघडून दाखवली आणि विचारलं, "पण सूत्रात घर्षण कुठे लिहिलंय?"

मला उत्तर देता आलं नाही. "मोठी झालीस की कळेल" असं म्हणायची इच्छा नाही. कुणी नीट समजावून सांगेल का?

फळा_खडू:

ताई, आधी लेकीची पाठ थोपटा. मी ३० वर्षं इथेच गुजराती माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवलं. हा प्रश्न आपणहून विचारणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. बाकीची सूत्र पाठ करतात, गणितं सोडवतात, आणि मनातून मानत राहतात की वस्तू चालती ठेवायची तर सतत जोर लावावाच लागतो. तुमच्या लेकीने सूत्र आणि घाम समोरासमोर आणून उभे केले.

सूत्रात जे बळ आहे ते तुमचं एकटीचं नव्हे. स्कूटरवर जितकी बळं लागली त्या सगळ्यांची दिशेसकट केलेली बेरीज तिथे घालायची असते. तुम्ही हिशेबातल्या, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. सूत्रात जमेची बाजू लिहायची नसते, शिल्लक लिहायची असते. महिन्याला ४० हजार आले आणि ४० हजार गेले तर शिल्लक शून्य, पण म्हणून महिनाभर कुणी कामच केलं नाही असं होत नाही. तुम्ही पुढे रेटत होतात, टायर आणि चढ मिळून तेवढंच मागे ओढत होते. शिल्लक शून्य, म्हणून वेग ना वाढला ना घटला. तिला घर्षण सूत्रात दिसत नाही, कारण ते बळाच्या त्या एका अक्षरातच वजा होऊन बसलेलं आहे.

घाम आला तो तुमच्या स्वतःच्या जोराचा. तो शून्य नव्हता.

तिला हा शेवटचा धागाही धरून द्या: वेग बदलायला शिल्लक लागते, वेग टिकवायला लागत नाही. सगळं गतिशास्त्र इथून सुरू होतं.

वाचनमात्र:

सर, सूत्र पटलं. पण आपला रोजचा अनुभव अगदी उलटा आहे. लारीवाला ढकलायचं थांबला की भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, थांबते. सायकलचं पायडल सोडलं की सायकल थांबते. हजारो वर्षं लोक "जोर असेल तरच गती" म्हणत आले, त्यांचं चुकलं कुठे?

फळा_खडू:

त्यांनी पाहिलं ते बरोबरच होतं. लारी थांबते हे खरंच आहे. फक्त "का थांबते" याचं उत्तर चुकलं. त्यांना वाटलं की थांबणं हा वस्तूचा स्वभाव आहे. पण तिला काहीतरी थांबवत असतं. ते काहीतरी कमी करत नेलं की काय होतं हे पाहायची युक्ती गॅलिलिओला सुचली. उतारावरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत जातो. समोरचा चढ जितका सपाट करत न्याल तितका गोळा दूर जातो. चढ अगदीच आडवा केला तर? त्याला थांबायला कारणच उरत नाही. त्याचं याविषयीचं पुस्तक १६३८ साली छापलं गेलं.

घरी पाहायचं तर कॅरम काढा. पावडर न टाकता स्ट्रायकर टिचकीने सोडा. मग पावडर टाकून तशाच टिचकीने सोडा. टिचकी तीच, बोट सुटल्यावर मागून ढकलणारं कुणी नाही, तरी दुसऱ्या वेळी स्ट्रायकर समोरच्या कडेवर आपटून परत येतो. पावडर स्ट्रायकरला पुढे ढकलत नाही. ती फक्त आड येणारं घर्षण कमी करते.

रूळवाटे:

मी रेल्वेतून, प्रतापनगरहून निवृत्त, आयुष्य इंजिनात गेलं. हा धागा वाचून राहवलं नाही.

आपल्या बडोद्याच्या माणसाने बळ, वस्तुमान आणि त्वरण शिकायला लांब जायची गरज नाही, डभोईपर्यंत गेलं तरी पुरे. १८६२ साली खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम हा अडीच फुटी रुंदीचा रेल्वेमार्ग चालू केला. सुरुवातीचा पल्ला ८ मैलांचा. आणि त्यावर डबे ओढायला होते बैल! पुढच्याच वर्षी नीलसन कंपनीचं इंजिन आलं, पण रूळ इतके हलके की इंजिनाचा भार पेलेनात. बैलच चालू राहिले. १८७३ साली मजबूत रूळ टाकले आणि १८८० पासून इंजिनं नेमाने धावू लागली.

आता यातलं भौतिकशास्त्र बघा. एक बैल साधारण ४०० किलोचा धरा. दिवसभर ओढत राहायचं तर तो आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा जोर लावतो, म्हणजे ४० किलो, जोडीचा ८०. कच्च्या रस्त्यावर गाडीच्या प्रत्येक टनामागे ८० किलोच्या आसपास जोर सहज लागतो. म्हणजे एक टन ओढताना जोडीचा सगळा जोर संपला. रुळावर लोखंडी चाक लोखंडावरून घरंगळतं. आजच्या डब्यांना टनामागे दोनेक किलो पुरतात. त्या काळच्या बेअरिंगांचा विचार करून पाच धरू. तरी तीच जोडी सपाटीवर सोळा टन चालते ठेवील. बैलांची ताकद वाढली नाही आणि मालाचं वस्तुमान घटलं नाही. फक्त मागे ओढणारा जोर घटला.

पण चालतं ठेवणं वेगळं आणि चालू करणं वेगळं, आणि ताईंच्या लेकीचं सूत्र इथे कामाला येतं. दहा टनांचे डबे उभे आहेत. त्यांना चालीच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला एक मीटरला आणायचं आहे. २० सेकंदांत आणायचं ठरवलं तर त्वरण ०.०५. दहा हजार किलो गुणिले ०.०५ म्हणजे ५०० न्यूटन, सुमारे ५० किलोचा जोर. शिवाय घर्षणाचे ५०. एकूण १००. बैलजोडी थोडा वेळ एवढा जोर देते. पण गाडीवानाने घाई केली आणि ५ सेकंदांतच तो वेग मागितला, तर वेग वाढवायलाच २०० किलो लागतील, घर्षणासकट अडीचशे. तेवढा जोर जोडीकडून काढणं फार अवघड. बैल गुडघ्यावर येऊ शकतात नाहीतर जू तुटू शकतं. म्हणून जड गाडी हलवणाऱ्याला धीर हवा. मोठ्या वस्तुमानाला थोडा जोर पुष्कळ वेळ दिला तर चालतं.

थांबवतानाही हेच. बैल थांबले म्हणून दहा टन थांबत नाहीत. ते पाठीमागून येतच राहतात. ओढण्याइतकाच ब्रेकचाही विचार करावा लागतो.

वाचनमात्र:

रूळवाटेकाका, फार छान. एक शंका. बैल डब्याला जितक्या जोराने ओढतो तितक्याच जोराने डबा बैलाला मागे ओढतो, असं न्यूटनचा तिसरा नियम म्हणतो. मग दोन्ही कटून शिल्लक कायम शून्यच राहायला हवी. डबा हललाच कसा?

रूळवाटे:

डब्याच्या खात्यात बैलाचा जोर लिहा. बैलाच्या खात्यात डब्याचा लिहा. दोन वेगळ्या खात्यांतल्या रकमा एकमेकींतून वजा करायच्या नसतात.

डब्यावर काय काय लागतं? पुढे बैलाची ओढ, मागे रुळाचं घर्षण. ओढ जास्त, तर डबा निघाला. बैलावर काय लागतं? मागे डब्याची ओढ, आणि पुढे जमीन. बैल खूर रोवून जमिनीला मागे ढकलतो, जमीन त्याला पुढे ढकलते. जमिनीने दिलेलं जास्त भरलं की बैल पुढे. शेणकाल्यात पाय घसरणारा बैल कितीही दांडगा असो, गाडी हलत नाही, कारण त्याला पुढे ढकलणारं कुणी उरत नाही.

इंजिनाचंही तसंच. मालगाडीचं डब्ल्यूएजी ९ जातीचं विजेचं इंजिन सुटताना साधारण ४६० किलोन्यूटन ओढ देतं. त्याचं वस्तुमान १२३ टन. तेवढं वजन चाकांवर आहे म्हणून ती रूळ धरून राहतात. हलकं इंजिन केलं तर मोटर कितीही जोरदार असो, चाकं जागच्या जागी गरगरतील. पावसात रूळ ओले झाले की आम्ही चाकांपुढे वाळू सोडायचो ती यासाठीच. आणि डभोईला १८६३ सालचं इंजिन का चाललं नाही हेही यातच आलं. ओढायला भार हवा, आणि भार पेलायला रूळ हवेत. बैल आपला भार रुळांवर टाकतच नाही, तो शेजारच्या मातीवर टाकतो.

पाच हजार टनांची मालगाडी धरा. सपाटीवर टनामागे २ किलो म्हणजे घर्षण सुमारे १०० किलोन्यूटन. शिल्लक ३६०. भागिले पन्नास लाख किलो. त्वरण येतं ०.०७ च्या आसपास. ताशी ३६ किलोमीटर गाठायला दोन मिनिटांहून जास्त वेळ. फलाटावर उभे राहून लोक म्हणतात, मालगाडी किती रेंगाळते. ती रेंगाळत नाही हो. पन्नास लाख किलोंना समजावून सांगत असते.

आखाडेकर:

रूळवाटेकाका, शेवटचं वाक्य लिहून ठेवलं.

मी लहानपणापासून जुम्मादादा व्यायाम मंदिरात जातो. वस्तुमान आणि वजन यांतला फरक मला पुस्तकाआधी मुद्गलाने शिकवला. मुद्गलांची जड जोडी हातात नुसती धरून उभं राहिलं की जे जाणवतं ते वजन, पृथ्वी खाली ओढते ते. पण जोडी पाठीमागून फिरवून आणताना आडव्या दिशेत जे मनगटाला जाणवतं ते निराळं. तिथे पृथ्वीशी भांडण नाही. तिथे जोडी म्हणते, मी उभी होते, मला उभीच राहू दे. आणि एकदा फिरायला लागली की म्हणते, मला फिरू दे. नवीन पोरं सुरुवात करताना फसत नाहीत, थांबवताना फसतात. दंडाला मुका मार बसतो तो तेव्हा. चंद्रावर जोडी उचलायला सहापट सोपी होईल, पण झटक्यात फिरवायला आणि थांबवायला इथल्याइतकीच जड राहील.

मल्लखांबावरून उतरतानाची एक गोष्ट प्रत्येक उस्ताद ओरडून सांगतो: गुडघे मोडून उतर. का ते मोजून पाहा. सव्वा मीटरवरून उडी टाकली तर जमिनीला टेकताना वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर. पाय ताठ ठेवले तर शरीर ०.०२ सेकंदात थांबतं, म्हणजे त्वरण २५०. ६० किलोच्या मुलाच्या सांध्यांवर १५ हजार न्यूटन, दीड टनाचा भार. गुडघे मोडत, मातीत रुतत ०.२ सेकंदात थांबला तर दीड हजार न्यूटन, त्यात त्याचं स्वतःचं वजन मिळवा. वस्तुमान तेच, वेग तोच. फक्त थांबायला वेळ दिला. मला हे सूत्र कळलं तेव्हापासून लहान मुलांना उतरायला शिकवताना मी जास्त कडक झालो आहे.

उत्तरायण:

शून्य शिल्लक आणि तरी भरपूर जोर, याचं आपल्या गावचं उदाहरण म्हणजे १४ जानेवारीची पतंग. वारा लागलेली पतंग आकाशात एका जागी गच्च उभी असते. वेग शून्य, त्वरण शून्य. पण दोरा बोटात रुतून रक्त काढतो. वारा वर आणि मागे ढकलतोय, दोरा खाली आणि पुढे ओढतोय, पतंगीचं स्वतःचं वजन थोडंसं. बेरीज शून्य. दोरा कापला गेला की बेरीज शून्य राहत नाही, आणि पतंग त्याच क्षणी निघते.

अवांतर: वेगाचा आकडा तोच राहून दिशा बदलली तरी त्यालाही त्वरणच म्हणतात. काळा घोडा सर्कलला वळण घेताना काटा ताशी १८ वर स्थिर असला तरी स्कूटरला आत ओढणारं बळ लागतं. १५ मीटरच्या वर्तुळावर, स्वारासकट १८० किलोला, ३०० न्यूटन. ते फक्त टायर आणि रस्ता देतात. रस्त्यावर रेती सांडलेली असली की ते मिळत नाही आणि स्कूटर सरळ जाते. लेकीला आत्ताच सांगून ठेवा, चार वर्षांनी ती स्वतः चालवेल.

ओटल्यावरून:

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले. जमा आणि शिल्लक लगेच पटलं. पण मग तिचं सुरू झालं, "आपण मोजूया."

आमच्या पोळीत, म्हणजे गल्लीत, येणाऱ्या पस्तीवाल्याकडून (रद्दीवाल्याकडून) त्याचा लटकता स्प्रिंगचा काटा तासभर मागून घेतला. स्कूटरच्या पुढच्या नळीला दोर बांधला, दोराला काटा. पोळीतला सपाट फरसबंद तुकडा, सकाळी साडेसहाला, गाई-माणसं नसताना. मी शेजारी चालत हँडल सांभाळलं, ह्यांनी काट्याने ओढलं, लेक काटा वाचत होती. पहिली अडचण लगेच आली. काटा आडवा धरल्यावर तो शून्याच्या थोडा मागे गेला. आकड्याचं स्वतःचं वजन आता त्याला खेचत नव्हतं! तिने तो फरक लिहून ठेवला आणि प्रत्येक वाचनात मिळवला.

हवा भरलेली असताना, चालीच्या एकसारख्या वेगाने: २ किलो. दोनदा चाललो, दोनदा तेवढंच.

मग तिने बाबांना सांगितलं, काटा ८ वर धरून ठेवत ओढा. म्हणजे पळावंच लागलं. ६ मीटरवर खडूची रेघ मारली होती. उभ्यापासून रेघेपर्यंत ४.८, ५.१ आणि ४.९ सेकंद. तिचं गणित असं: ८ वजा २ म्हणजे शिल्लक ६ किलोची, म्हणजे ५९ न्यूटन. ६ मीटर ४.९३ सेकंदांत म्हणजे त्वरण ०.४९. भागाकार केला तर दळ आलं १२० किलो. स्कूटरच्या पुस्तिकेत आहे १०७. ती जरा खट्टू झाली आहे. कुठे चुकलं?

फळा_खडू:

कुठेच चुकलं नाही! पाठ्यपुस्तकाबाहेर जाऊन तिने एका स्कूटरचं वस्तुमान ती न उचलता शोधलं. मला आज शाळेत असतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

आता फरक कुठून आला ते पाहू. टाकीत पेट्रोल, डिकीत सामान, ते पुस्तिकेतल्या आकड्यात पूर्ण धरलेलं नसतं. दुसरं, चाकं नुसती पुढे जात नाहीत, फिरतातही, आणि त्यांना फिरवायलाही थोडा जोर जातो, म्हणून स्कूटर पाच-सहा किलोंनी जास्त जड वाटते. तिसरं, पळताना काटा ८ वर दगडासारखा स्थिर राहिला असेल असं मला वाटत नाही. तो ७ ते ९ मध्ये नाचला असणार. शिल्लक ६ ऐवजी ५ धरली तर उत्तर १०० येतं, ७ धरली तर १४०. तिने वहीत "१२०, वीस इकडे किंवा तिकडे" असं लिहावं. तसं लिहिणं हेच शास्त्रात प्रामाणिक उत्तर असतं, आणि १०७ त्यात आरामात बसतात.

काटा किलो दाखवतो आणि आपण न्यूटन म्हणतो, याबद्दल. एक किलोला सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद इतकं त्वरण देणारं बळ म्हणजे १ न्यूटन. हातावर शंभर ग्रॅम शेव घेतली की साधारण तेवढं जाणवतं. स्प्रिंगचा काटा खरं तर बळच मोजतो, किलो हे त्यावर छापलेलं असतं. पृथ्वीची ओढ बडोद्यात किलोमागे ९.७९ न्यूटन आहे आणि ध्रुवावर ९.८३. तिथे बरोबर केलेला काटा इथे आणला तर किलोमागे चार-पाच ग्रॅम कमी दाखवेल. खंडेराव मार्केटमधला जुना दोन पारड्यांचा तराजू मात्र कुठेही नेला तरी फसणार नाही, कारण तो माल आणि माप एकमेकांशी ताडतो, आणि ओढ दोन्ही पारड्यांना सारखीच असते. तो वस्तुमान मोजतो, पस्तीवाल्याचा काटा वजन मोजतो. हा फरक समजायला मुलांना एरवी वर्ष जातं.

आणि "दळ" या शब्दावरून लेकीला बिचकू देऊ नका. वहीत ती दळ आणि प्रवेग लिहिते, आजीशी बोलताना वस्तुमान आणि त्वरण म्हणेल. दोन्ही भाषांत विचार करता आला तर कल्पना शब्दापासून सुटी होते. याच गावात १८९० साली कलाभवन सुरू झालं, त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने आणि सयाजीरावांच्या पाठबळाने, आणि तिथे यंत्रविद्या लोकांच्या भाषेत शिकवायचा आग्रह होता. आज तोच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा तंत्रशास्त्र विभाग आहे. त्या इमारतीवरून जाताना तिला हे सांगा.

सूत्राबद्दलही एक. न्यूटनने १६८७ साली नियम मांडला तो शब्दांत, गतीतला बदल लावलेल्या बळाच्या प्रमाणात असतो असा. आज वहीत लिहितो त्या घाटाचं समीकरण ऑयलरने १७५० च्या सुमारास मांडलं. मधली साठेक वर्षं मोठमोठे गणिती याच प्रश्नांशी झगडत होते. नववीतल्या मुलीला चार दिवस लागले तर बिघडलं काय?

ओटल्यावरून:

सर, "वीस इकडे किंवा तिकडे" तिने लाल पेनाने लिहिलं आणि खट्टूपणा गेला.

शेवटचं मोजमाप काल झालं. तिला घामाचा हिशेब पूर्ण हवा होता. पस्तीवाल्याने काटा पुन्हा एकदा दिला, यावेळी तोही बघायला थांबला. आधी पोळीतच मागच्या चाकाची हवा सोडली आणि एकसारख्या वेगाने ओढलं. २ चे ७ झाले! बसलेला टायर प्रत्येक फेऱ्यात चुरगळत जातो, त्याचा हा जोर. मग हवा भरून पुलावर नेली आणि चढावर तशीच चालीने ओढली. पावणेसहा ते सहा. त्यातले दोन टायरचे, म्हणजे चढाचे पावणेचार ते चार.

तिने वहीत मांडलं. त्या रविवारी बसलेला टायर ७ आणि चढ ४, मिळून ११ किलो, म्हणजे आईचा जोर १०८ न्यूटन पुढे. टायर आणि चढ १०८ न्यूटन मागे. शिल्लक शून्य. प्रवेग शून्य. शेजारी माझं चित्र काढलं आहे, पाठीवर घामाचे थेंब, आणि दोन बाण अगदी पट्टीने मोजून सारख्या लांबीचे.

आता रूळवाटेकाकांना तिचा प्रश्न: चढाचे ४ किलो आणि स्कूटर सामानासकट ११५ धरली, तर यावरून पुलाचा चढ काढता येईल का?

रूळवाटे:

येईल की. ११५ भागिले ४ म्हणजे साधारण २९. म्हणजे २९ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रस्त्याचे असे पूल बऱ्याचदा तीसाला एकच्या आसपास बांधतात, तेव्हा तिचा काटा खरं बोलला.

आणि तिला हेही सांगा. खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचा चढ सदतिसाला एक आहे. तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. तिच्या आईने त्याहून खडा चढ, बसलेल्या टायरनिशी, एकटीने चढवला.

रविवारी प्रतापनगरच्या रेल्वे संग्रहालयात मी असतो. वही घेऊन तिला पाठवा.